डावीकडचे पन्नास मिलिमीटर

जबाब. गुरुवार, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे.

मी, खाली सही करणारी, वय ४६ वर्षे, शिक्षण यंत्र आराखड्याची पदविका, धंदा फॅब्रिकेशन वर्कशॉप, राहणार वर्कशॉपच्याच मागच्या घरात, मधे फक्त अंगण, आपण होऊन ठाण्यात येऊन सांगते की, मी वरील घरात माझा थोरला भाऊ व वहिनी यांच्यासोबत राहते. वर्कशॉप मी एकटी चालवते. भाऊ अकरा महिन्यांपासून घरी बसून आहे. गल्लीत त्याला मोठा मिस्त्री आणि मला छोटी मिस्त्री म्हणतात. मी त्याला दादा म्हणते, म्हणून पुढे दादा असेच लिहावे.

माझी तक्रार अशी की, काल बुधवारी सकाळी ११ ते दुपारी ४.१५ या वेळात कोणीतरी माझ्या कुलूपबंद वर्कशॉपमध्ये शिरून, मी सात महिने खपून बनवलेल्या व्यायामयंत्राची डावी बाजू जाणूनबुजून बिघडवली. चोरीस काही गेलेले नाही. हवालदारांनी 'मग तक्रार कशाची' असे विचारल्यावरून सांगते की, डाव्या क्रँकचे भोक पन्नास मिलिमीटर आत सरकले आहे. लोखंडातले भोक रात्रीतून चालत जात नाही. ते कोणीतरी पाडावे लागते.

यंत्र कसले, हे विचारल्यावरून सांगते. व्यायामशाळेत ज्यावर उभे राहून, दोन्ही हातांत दांडे धरून, जागच्या जागी चालतात ते. त्याला इलिप्टिकल म्हणतात, कारण त्यावर पाऊल गोल फिरत नाही आणि सरळही जात नाही, लंबगोल फिरते. हवालदारांनी एवढे पुरे असे म्हटले, परंतु हे समजल्याशिवाय गुन्हा समजणार नाही, म्हणून लिहून घ्यावे. मागे एक जड चाक असते. त्याच्या आसाला दोन्ही टोकांना एकेक लोखंडी हात, म्हणजे क्रँक, एक वर असताना दुसरा खाली. क्रँकच्या पिनेत एका लांब पट्टीचे मागचे टोक अडकवलेले असते. पट्टीचे पुढचे टोक हातातल्या दांड्याच्या खालच्या टोकाला जोडलेले असते. मागचे टोक गोल फिरते, पुढचे टोक झोक्यासारखे नुसते मागे-पुढे जाते. पट्टीच्या मध्यावर पाय ठेवायची जागा आहे. तिला धड इकडचे होता येत नाही, धड तिकडचे, म्हणून ती लंबगोल फिरते. हे पहिल्यांदा पुठ्ठ्यावर उमटले तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या. हेही लिहिले तरी चालेल.

आता मुख्य गोष्ट. आसापासून पिनेपर्यंत जेवढे अंतर, त्याच्या दुप्पट लांब पाऊल पडते. माझ्या यंत्रात ते अंतर दोन्हीकडे १८० मिलिमीटर होते. म्हणजे पाऊल ३६०. काल दुपारनंतर उजवीकडे १८० आहे आणि डावीकडे १३०. दोन पायांना दोन मापे. असले यंत्र जगात कोणी बनवत नाही.

यंत्र बनवण्याचे कारण असे की, अकरा महिन्यांपूर्वी दादा वर्कशॉपमधल्या शिडीवरून पत्र्यासह खाली पडला. डावा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, आत पट्टी बसवली. डॉक्टरांनी सांगितले, पाय पुढे टाकत राहिले पाहिजे, पण आपटता कामा नये. वर्षाच्या आत सांधा मोकळा झाला नाही तर तो कायमचा धरून बसेल. वर्ष भरायला पाच आठवडे उरले आहेत. चालताना माणूस पाऊल उचलतो आणि टेकवतो, तिथे दणका बसतो. या यंत्रात पाऊल पट्टीवरून उठतच नाही, म्हणून दणकाही नाही. चौथ्या महिन्यात मी दादाला व्यायामाची यंत्रे विकणाऱ्या शोरूममध्ये नेले होते. तिथल्या यंत्राचे पाऊल ४६० मिलिमीटरचे. दुसऱ्याच फेरीला त्याचा खुबा अडला आणि चौघांनी मिळून त्याला खाली उतरवले. आजूबाजूला गिऱ्हाईक उभे होते. त्या दिवसापासून दादा खाट ते न्हाणीघर एवढेच चालतो, तेही वॉकर धरून. वर्कशॉप अंगणापलीकडे चाळीस पावलांवर आहे. तिथे त्याने पाऊल टाकलेले नाही. ज्या माणसाने मला हातात कानस धरायला शिकवले तो माणूस खिडकीकडे पाठ करून पेपर वाचतो.

म्हणून मी कमी पावलाचे यंत्र करायला घेतले. दादाने मापे घेऊ दिली नाहीत. म्हणाला, "मशीन पायासाठी असतं की पाय मशीनसाठी?" मी म्हणाले, "माप दे म्हणजे कळेल." त्यावर त्याने पाय पांघरुणात ओढून घेतले. ज्याचे करावे भले, तो म्हणतो माझेच खरे. शेवटी मी त्याचा जुना कामाचा बूट घेतला, स्वतःची पावले जमिनीवर खडूने आखली, त्यातून थोडे कमी केले आणि १८० धरले.

सोमवारी यंत्र पूर्ण झाले. आमच्या वर्कशॉपचा एक नियम आहे, तो दादानेच घातलेला: ज्याने भोक पाडले त्याने आधी उभे राहायचे. शिडी असो, झोपाळा असो, जिन्याचा कठडा असो, बनवणाऱ्याने स्वतःचे वजन टाकल्याशिवाय ती वस्तू गिऱ्हाइकाकडे जात नाही. त्याप्रमाणे मी उभी राहिले. पाचशे फेऱ्या मारल्या. लोण्यातून सुरी जावी तसे चालले. घाम पुसत घरात गेले आणि दादाला सांगितले, "चल, झालं!" त्याने पेपरमागून विचारले, "दोन्ही क्रँक सारखे?" मी म्हणाले, "केसाचाही फरक नाही." तो म्हणाला, "मग तूच चालव." आणि पान उलटले. मला इतका राग आला की मी तशीच परत जाऊन आणखी दोनशे फेऱ्या मारल्या.

मंगळवारी वर नमूद शोरूमचा मालक यंत्र बघायला आला होता. त्याला असली यंत्रे विकायला हवी आहेत. त्याने वाकून वाकून पाहिले, फोनवर फोटो काढले, आणि माझा किल्ल्यांचा जुडगा टेबलावर होता त्याच्याशी चाळा करत बसला. यंत्र बिघडलेले दाखवून भाव पाडायचा त्याचा बेत असावा, म्हणून माझा संशय त्याच्यावरच आहे. कारणे पुढे देते.

काल बुधवारी सकाळी ११ वाजता डावीकडचे बेअरिंग थोडे वाजत होते म्हणून नवे आणायला मी बसने बाहेर पडले. निघताना मागच्या दाराला कुलूप लावले. पुढचे शटर आतून बंद होते. दुपारी ४.१५ ला परत आले तेव्हा कुलूप जसेच्या तसे. बेअरिंगची पिशवी टेबलावर टाकली आणि बदलण्याआधी एकदा आवाज ऐकावा म्हणून यंत्रावर चढले. पहिल्याच फेरीला माझा डावा पाय भलतीकडेच थांबला आणि मी दांड्यावर आपटले. उजवा पाय लांब जातो, डावा अर्ध्यातून परत येतो. यंत्र चक्क लंगडत होते! मी खाली उतरून मापपट्टी लावली. १३०.

मी घटनास्थळाची पाहणी केली, ती अशी. पंचवीस वर्षे या धंद्यात असल्याने माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

कुलूप तोडलेले नाही. म्हणजे बनावट किल्ली. खऱ्या किल्ल्या दोनच आहेत. एक माझ्याकडे, दुसरी दादाच्या कामाच्या पँटच्या खिशात, आणि ती पँट अकरा महिने दारामागच्या खुंटीला लटकलेली आहे. ती किल्ली कोणी वापरत नाही.

ड्रिल मशीनसमोर स्टूल आणून ठेवले होते. बसून भोक पाडणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. यावरून इसम आळशी व ऐटबाज असावा. शोरूमचा मालक स्वतःच्या दुकानात खुर्चीवरून उठत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे.

जमिनीवरच्या लोखंडी भुशात दोन बारीक समांतर रेघा होत्या, मागच्या दारापासून यंत्रापर्यंत आणि यंत्रापासून ड्रिल मशीनपर्यंत. मधले अंतर मी मोजले, ५६ सेंटिमीटर. रेघांच्या लगत जोडीजोडीने गोल ठिपके. यावरून त्याने छोटी हातगाडी आणली होती. हवालदारांनी 'न्यायचं काहीच नव्हतं तर गाडी कशाला आणली' असे विचारले. तेच तर शोधायला मी आले आहे.

सगळे पाने भिंतीवरच्या फळीवर आपापल्या जागी परत लावलेले होते. फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली आहे, तरी बाहेरच्या माणसाला चौदाचा आणि पंधराचा पाना बघून ओळखता येत नाही. याने अचूक लावले. म्हणजे तो धंद्यातला आहे किंवा शोरूमच्या मालकाने धंद्यातला माणूस पाठवला.

डाव्या क्रँकचे जुने भोक मोकळे सोडलेले नाही. त्यात आतल्या बाजूने लोखंडाचा एक तुकडा बोल्टने घट्ट बसवला आहे. माझे मत असे की, हे पुरावा लपवण्यासाठी केले. हवालदारांनी तुकड्याचे वजन विचारले. मी काल काढून तोलला व परत लावला होता, ६४० ग्रॅम. का विचारले असे मी म्हणाले, तेव्हा त्यांनी सांगितले की, त्यांचे मेव्हणे मोटारीच्या चाकांना वजने लावतात, चाक थरथरू नये म्हणून. यावर मी मनात हिशोब केला. डावी पिन आत गेली की डावी बाजू हलकी पडते. ती उजवीशी जुळवायला बाहेरच्या टोकाला साधारण एवढेच वजन लागेल. हिशोब बरोबर आला. मला ते आवडले नाही. यंत्र बिघडवायला आलेला माणूस त्याचा तोल कशाला सांभाळील?

आता भोकाबद्दल. भोक फार सुंदर आहे. दोन्ही बाजूंनी धार मोडलेली, आतून बोट फिरवले तर काचेसारखे. पिन हाताने आत सरकते आणि सोडली तर पडत नाही. माझी भोके चांगली असतात, पण इतकी नसतात. बिघडवणारा माझ्याहून चांगला कारागीर निघावा हे मला सहन होत नाही, हे मी स्पष्ट सांगते. तो सापडला तर आधी मला त्याच्याशी पाच मिनिटे बोलू द्यावे, मग त्याला आत टाकावे.

घरात चौकशी केली. वहिनी दिवसभर घरीच होती. आमचे ड्रिल मशीन सुरू झाले की घरातली भांडी थरथरतात. मी विचारले, "वहिनी, काहीच ऐकू आलं नाही?" ती म्हणाली, "वन्सं, मिक्सर लावला होता." या कामाला दोन तास तरी लागतात, तेवढा वेळ मिक्सरमध्ये काय वाटत होती, हे मी विचारले नाही. तेव्हा मी फार चिडलेली होते.

दादाला मी ओरडतच जाऊन सांगितले. तो पेपर वाचत होता. त्याने एवढेच विचारले, "चालवून बघितलंस?"

मी म्हणाले, "बघितलं! लंगडतंय ते!"

"तोल कसा आहे? थरथरतं का?"

"थरथरत नाही, पण लंगडतंय! त्या शोरूमवाल्याचं काम आहे, मी पोलिसात जाते!"

दादा म्हणाला, "जा. जायलाच पाहिजे. पण सकाळी जा, ताजी होऊन. आणि घाई करू नकोस, त्यांना मशीन नीट समजावून सांग. ते लोक सगळं लिहून घेतात." अकरा महिन्यांत तो एका दमात एवढे बोललेला नव्हता. मला बरे वाटले की निदान त्याला राग तरी आला. आज सकाळी निघताना वहिनीने डबा हातात दिला आणि म्हणाली, "वन्सं, वेळ लागला तर तिथेच खाऊन घ्या." तिला हसू येत होते. मी तिला म्हणाले, "वहिनी, ह्यात हसण्यासारखं काय आहे?" ती पदराने तोंड पुसत आत गेली. डबा इथे टेबलावर आहे.

शोरूमच्या मालकाला हवालदारांनी आता माझ्यासमोर फोन लावला. तो मंगळवार संध्याकाळपासून बाहेरगावी आहे व पाठीमागे लोकांचा गलका ऐकू येत होता. त्याने विचारले की यंत्र नीट चालते ना, माल केव्हा देता. त्याने माणूस पाठवला असेल, असे माझे म्हणणे अजूनही आहे. पण ते मी आता जरा हळू आवाजात सांगत आहे.

पुरावा म्हणून दोन पुठ्ठे सादर करते. पावलाच्या जागेला पेन्सिल बांधून यंत्र हळू फिरवले की शेजारी धरलेल्या पुठ्ठ्यावर पाऊल कसे फिरते ते उमटते. पहिला पुठ्ठा सोमवारचा. त्यात उजवा व डावा लंबगोल एकावर एक आहेत, इतके सारखे की रेघ एकच दिसते. याच पुठ्ठ्यावर मी टाळ्या वाजवल्या होत्या. दुसरा काल संध्याकाळचा. त्यात मोठ्या लंबगोलाच्या पोटात छोटा बसला आहे, उजवा ३६० लांब, डावा २६०. नुकसान: पन्नास मिलिमीटर व सात महिने.

हवालदारांनी दोन्ही पुठ्ठे हातात घेऊन पाहिले. दुसरा पुठ्ठा बराच वेळ पाहिला. ते म्हणाले, "बाई, माझ्या आईच्या चपला अशाच. एक पार टाचेपर्यंत झिजते, दुसरी निम्मीच. तुमच्याकडे कोणी एक पाय आखडून चालतं का?"

यावर मी दुसरा पुठ्ठा त्यांच्या हातातून परत घेतला.

हवालदारांनी पुन्हा विचारल्यावरून सांगते की, होय. डावा.

पुन्हा विचारल्यावरून सांगते की, वॉकरला पुढे दोन चाके आहेत व मागे दोन रबरी बूच आहेत. चाकांमधले अंतर मी कधी मोजले नाही. मोजायची गरज नाही. ते ५६ आहे.

हवालदारांनी एक म्हण म्हटली. ती कळशाची. ती लिहू नये असे मी सांगितले.

जबाब येथे थांबवला. घटनास्थळ पाहण्यासाठी आम्ही ११.५० ला निघालो.

पुरवणी जबाब. त्याच दिवशी, दुपारी १ वाजता, वर्कशॉपमध्ये, कामाच्या टेबलावर.

मी वरील जबाब देणारीच असून पुढे सांगते की, हवालदार व मी १२.१० वाजता गल्लीच्या तोंडाशी पोचलो. तिथूनच आवाज ऐकू येत होता. माझ्या यंत्राचा आवाज मला झोपेतही कळेल. एक लांब घुमारा, मग एक आखूड. लांब, आखूड. लंगडत होते, पण लयीत. मी धावत निघाले. हवालदारांनी 'पळू नका, पडाल' असे म्हटल्याचे मला नंतर सांगण्यात आले.

मागचे दार आतून लावलेले होते. मी बाजूच्या खिडकीपाशी गेले. काचेवर धूळ होती, ती बाहीने पुसली. दादा यंत्रावर उभा होता. दोन्ही दांडे धरलेले, अंगात कामाची पँट. वहिनी शेजारी टॉवेल घेऊन उभी होती आणि मोठ्याने मोजत होती. वॉकर ड्रिल मशीनपाशी, हात पोचणार नाही इतका लांब ठेवलेला होता. मी पाहिले तेव्हा वहिनी सदतीसवर होती.

त्याचा उजवा पाय लांब जात होता. डावा त्याच्या खुब्याला जेवढे जमते तेवढाच पुढे जाऊन, कुठेही न अडता, परत येत होता. काल मी ज्या यंत्रावरून आपटले ते यंत्र दादाच्या पायाखाली लोण्यासारखे चालत होते. यंत्र लंगडे नव्हते. ते त्याच्या मापाचे होते. सात महिने मी माझ्या दोन धड पायांचे माप त्याच्यासाठी घेत बसले होते आणि वर म्हणत होते की केसाचाही फरक नाही.

मी आत गेले नाही. दार ठोठावले नाही. नव्वदच्या पुढे वहिनीचा आवाज बदलला. शंभरला तिने टॉवेल तोंडाला लावला आणि पुढचे आकडे मीच बाहेर उभी राहून मोजले. मला रडू आले, आणि त्याच वेळी मला इतका आनंद झाला होता की हवालदारांचा दंड मी घट्ट धरून हलवत होते. हे दोन्ही लिहावे असे मी सांगितले. दंडाबद्दल मी माफी मागितली आहे.

एकशे अठ्ठेचाळीसला दादा मान न वळवता म्हणाला, "छोटे, खिडकीतून काय बघतेस? डावं बेअरिंग बोलतंय. नवं आणलंस ना काल? ये आत, बसव."

वहिनीने दार उघडले. मी आत जाऊन टेबलावरची पिशवी उचलली. हवालदारांनी दादाला नियमाप्रमाणे विचारले की डाव्या क्रँकचे भोक कोणी पाडले. दादा म्हणाला, "मी. काल. बसून पाडलं, उभं राहवत नव्हतं."

मी विचारले, "मग मला सांगायला काय झालं होतं? सरळ म्हणायचंस, डावा आखूड कर!"

तो म्हणाला, "तू केला असतास का? तू मला सरळ करायला निघाली होतीस. दोन्ही पाय सारखे, दोन्ही क्रँक सारखे. पाय नाहीत गं सारखे आता. आधी जसे आहेत तसे तर चालू देत."

"बरं, मग आज? मला ठाण्यात पाठवून?"

यावर त्याने वहिनीच्या हातातला टॉवेल घेऊन घाम पुसला. मग म्हणाला, "नियम आहे ना. ज्याने भोक पाडलं त्याने आधी उभं राहायचं. शोरूममध्ये अडलो तेव्हा चौघांनी उतरवलं, गिऱ्हाइकांनी बघितलं. आज पडलो असतो तर तू बघायला नको होतीस. म्हणून म्हटलं, छोटीला पोलिसांना मशीन समजवायला पाठवू. दुपारपर्यंत तरी येत नाही."

हवालदार यावर हसले. मीही हसले, पण उशिरा.

यंत्राची तपासणी मी पुन्हा केली. पिन १३० वरच राहील. दादाचे म्हणणे असे की, पाय मोकळा होईल तसे दर आठवड्याला दहा मिलिमीटर बाहेर सरकता यावे म्हणून क्रँकमध्ये एक भोक नव्हे, ओळीने सहा भोके पाडावीत, १३० ते १८०. मी म्हणाले, सहा भोकांनी क्रँक कमजोर होईल, त्याची पट्टी बारा मिलिमीटरची आहे, सोळाची घ्यावी लागेल. तो म्हणाला, चौदा पुरे. आमचे यावर भांडण झाले. हवालदारांना मधे पडावे लागले नाही, परंतु ते दोन वेळा उठले व पुन्हा बसले. शेवटी सोळा ठरली. मशीन पायासाठी, हे त्याचे म्हणणे मला मान्य आहे. पण पट्टीची जाडी मीच ठरवीन.

डाव्या बाजूच्या वजनाचा तुकडाही प्रत्येक भोकाबरोबर बदलावा लागेल. तो हिशोब मी आज संध्याकाळी करणार आहे. पेन्सिल, पुठ्ठा व दादा तिन्ही हजर आहेत.

शोरूमच्या मालकाबद्दल मी जे बोलले ते चुकीचे होते. मी त्यास तसे फोनवर कळवीन. असली यंत्रे त्याला हवी असतील तर दोन्ही बाजूंना निरनिराळी मापे लावता येणारीच मिळतील, असेही कळवीन. असले यंत्र जगात कोणी बनवत नाही, असे मी सकाळी सांगितले होते. आम्ही बनवतो.

माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. डबा सर्वांनी मिळून खाल्ला.

वरील दोन्ही जबाब हवालदारांनी वर्कशॉपमध्ये सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवले. वाचन चालू असताना दादा पुन्हा यंत्रावर चढला होता व हळूहळू चालत ऐकत होता. 'वर्कशॉप मी एकटी चालवते' हे वाक्य आले तेव्हा यंत्र थांबले. दादा नुसता माझ्याकडे पाहत राहिला. त्यावरून माझ्या सांगण्याप्रमाणे ते वाक्य खोडून 'वर्कशॉप मी व माझा दादा चालवतो' असे केले व खोडलेल्या जागी मी सही केली. दुरुस्ती झाल्यावर यंत्र पुन्हा सुरू झाले. बाकी सर्व मजकूर, माझा मूर्खपणा धरून, बरोबर आहे.